मान खाली घालून आणलेली गौर

डोळ्याला भोक पडू शकतं हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. आधी मला वाटलं, लेन्स बिघडली. के. आर. पुरमच्या जुन्या गल्लीत सकाळच्या उन्हात फुलं विकणाऱ्या अक्काचा फोटो घेत होते. शेवंतीची माळ ती कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मापून देत होती. माळ दिसत होती, हातातल्या बांगड्या दिसत होत्या, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. मागच्या देवळाचं गोपुर मधोमध वाकलेलं. मी लेन्स पुसली, दुसरी लावली, शेवटी दोन्ही दुकानात नेऊन दिल्या. दुकानदाराने त्या परत करताना कानडीत म्हटलं, "लेन्स सरी इदे, अम्मा. कण्णु तोर्सि." लेन्स ठीक आहे, डोळा दाखवा. मी त्याच्यावर चांगलीच उखडले आणि घरी येऊन यांच्यापाशी त्याची उणीदुणी काढली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच, हे कळायला डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे बसावं लागलं.

उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बारीक भोक पडलं होतं. डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला रंग कळतात, आकार कळतात, पण माणूस ओळखू येत नाही. म्हणजे माझी सगळी भिस्त या एका डोळ्यावर. नोकरीत असताना प्रयोगशाळेत मोडलेल्या धातूंचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांचे फोटो काढायचे, हेच माझं काम होतं. निवृत्त झाल्यावर तोच डोळा घेऊन मी रस्त्यावर उतरले. या शहरात देव रस्त्यावरच राहतात. पिंपळाच्या पारावर हळदीने माखलेले नाग, रिक्षाच्या हँडलला मोगऱ्याचा गजरा, इडलीच्या गाड्यावर पहिल्या वाफेआधी फिरणारी उदबत्ती, सजवलेला नंदी दारोदार नेणारा माणूस. हे सगळं मला फार आवडायचं. पण खरं सांगायचं तर देव फ्रेममध्ये चांगला दिसतो म्हणून मी त्याच्या जवळ जायची. लोक डोळे मिटायचे तेव्हा माझा डोळा उघडा असायचा. त्यांना मिटल्या डोळ्यांनी काय दिसतं याचं कुतूहल वाटायचं, हेवा मात्र कधी वाटला नव्हता.

ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची. तिने डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला होता. तो बुडबुडा भोकावर दाबून बसावा म्हणून मी सतत मान खाली घालून राहायचं. जेवताना, चालताना, झोपतानासुद्धा. "अम्मा, हेड डाउन. नो चीटिंग," ती म्हणाली. भोक बुजेल ना, असं मी विचारलं. तिने खोटा धीर दिला नाही. बहुतेक वेळा बुजतं, पण धक्का लागला, पडलात, तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि दुसऱ्यांदा जमेलच असं नाही. घरी येताना गाडीत मी आपल्याच मांडीकडे बघत बसले होते आणि मला एकदम रडू आलं. मग आठवलं की रडायचंही नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे करून सांगता येणार नाहीत. ते सगळे एकाच पाण्यात विरघळल्यासारखे होते. टेबलावर उशी, उशीवर कपाळ, आणि खाली आमच्या घरची जुनी मोझेकची फरशी. उजव्या डोळ्यात एक मोठं गोल वर्तुळ डुलत असायचं, त्याच्या कडेला उजेड थरथरायचा. डाव्या डोळ्याला फरशीवरचे ठिपके दिसायचे आणि बघता बघता ते चालू लागायचे. कधी त्यांची मिरवणूक व्हायची, कधी तळं. बाहेरची गल्ली कानांतून आत यायची. नारळ फुटल्याचा आवाज, झाडूचा आवाज, सोप्पु सोप्पु असं ओरडत जाणारी पालेभाजीवाली. इतकी वर्षं मी ही गल्ली बघत आले होते, ऐकली कधी नव्हती. मी अर्धवट झोपेत असायची आणि माझ्याच जुन्या फोटोंतली माणसं फ्रेममधून बाहेर येऊन खोलीत उभी राहायची. त्यांचे फक्त पाय दिसायचे. मी घाबरायची नाही. उलट कुणीतरी आलंय याचं बरं वाटायचं. मग जाग पूर्ण यायची आणि तोच एक प्रश्न छातीवर येऊन बसायचा, की दिसेल ना? या प्रश्नाचं उत्तर कुणापाशी मागायचं तेही मला कळत नव्हतं. देवाशी आजवर माझी ओळख होती, पण बोलणं नव्हतं.

अशात गौरी आल्या. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावर जाऊन सात खडे वेचायचे, ताम्हनात ठेवून घरी आणायचे, दारात आणणारीचे पाय दूधपाण्याने धुवायचे आणि तिला आत घ्यायचं. खडे उचलल्यापासून घरात येईपर्यंत बोलायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. सासूबाईंनंतर हे काम माझ्या जाऊबाई करत. त्या एचएसआर लेआउटहून सकाळीच यायच्या, आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्या पुढे उलटं चालत फोटो काढायची. यंदा त्या लेकीकडे परदेशी गेल्या होत्या. हे म्हणाले, "अगं, यंदा राहू दे. देवी काही रागावायची नाही. तू आधी बरी हो."

यांचं बरोबर होतं, आणि एरवी मीच ते आधी म्हटलं असतं. पण मी उशीवर कपाळ ठेवून विचार करत होते की सबंध घरात, सबंध गल्लीत, या घडीला खाली बघण्याखेरीज ज्या बाईला दुसरं काही जमत नाही, ती मी एकटीच आहे. खडे वेचायला आणखी काय लागतं? मी म्हटलं, "अहो, डॉक्टरांना फोन लावा. कल्याणीपर्यंत जाऊन येते." कल्याणी म्हणजे देवळाचं पायऱ्यांचं तळं. आमच्या गल्लीतून निघालं की सरळ रस्ता, लांब नाही. डॉक्टर आधी नाही म्हणाली, मग हळूहळू जा म्हणाली, आणि धक्क्याची आठवण पुन्हा एकदा करून दिली. यांनी फोन ठेवला आणि मुकाट्याने तांब्यात दूधपाणी कालवून उंबऱ्याशी ठेवलं. पाय धुवायला घरात दुसरं होतंच कोण.

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. मी काळा चष्मा लावून, हनुवटी छातीला टेकवून, यांचा हात दंडाला. दगडी पायऱ्या मी बसत बसत उतरले. पाण्याच्या कडेला हात घातला तेव्हा बोटांना आधी शेवाळ लागलं, मग वाळू, मग खडे. मी ते डोळ्यांनी निवडलेच नाहीत. जो बोटाखाली स्वस्थ बसला तो घेतला. सातवा खडा ताम्हनात ठेवला आणि तोंड मिटलं. वर आल्यावर यांच्या लक्षात आलं की कुंकवाचा करंडा खालीच राहिला. "इथेच थांब, हललीस तर बघ," असं दटावून हे परत पायऱ्या उतरले.

आणि तेवढ्यात मिरवणूक आली. कुठल्या तरी गल्लीचा गणपती कल्याणीकडे निघाला होता. आधी तमट्यांचा, म्हणजे इकडच्या हलग्यांचा, आवाज पोटात घुमला, मग पायांचा लोंढाच माझ्याकडे येऊ लागला. बूट, चपला, अनवाणी पाय, नाचणारे, घसरणारे, गुलालाने लाल झालेले. रस्ता अरुंद. मी कडेला सरकले तर कुणाचा तरी खांदा लागला, पुढे झाले तर दुसऱ्याचा. यांना हाक मारावी तर बोलायचं नाही. ते आले का बघावं तर मागे वळायचं नाही. समोर काय आहे ते बघावं तर मान वर करायची नाही. मी नियम मोडणाऱ्यांतली बाई आहे, हे माझ्या माहेरी आणि सासरी सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी का कोण जाणे, मोडवेना. ताम्हन दोन्ही हातांनी पोटाशी धरून मी उभी राहिले आणि मला फक्त माझा डोळा आठवत होता. एक धक्का, बस. मी मनात म्हटलं, "आता तूच बघ बाई." कुणाला म्हटलं ते त्या वेळी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मग त्या सगळ्या पायांत दोन पाय असे दिसले की जे नाचत नव्हते. माझ्यापुढे येऊन ते वळले, टाचा माझ्याकडे करून थांबले. बाईचे पाय, अनवाणी, ओले, घोट्यापर्यंत हळद लावलेले. बोटांत जोडवी चमकत होती. वर हिरव्या साडीचा काठ, तोही भिजलेला. कल्याणीवरूनच वर आलेली असणार. "स्वल्प जागा बिडि, अण्णा," ती मोठ्याने म्हणाली. जरा जागा सोडा. मग माझ्यासाठी, अगदी हळू, "निधान, अम्मा." सावकाश. आणि ते पाय चालू लागले.

मी त्यांच्या मागे निघाले. कॅमेऱ्यातून इतकी वर्षं हा रस्ता पाहिला, पण असा कधी पाहिला नव्हता. डाव्या डोळ्याच्या त्या पुसट उजेडात सगळं वितळल्यासारखं होतं. रस्त्यावर सांडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, कुणीतरी उतरून टाकलेलं लिंबू, सकाळच्या रांगोळीचा अर्धा उरलेला कोपरा, आणि या सगळ्यावरून पुढे जाणारी ओली पावलं. ती उचलली की डांबरावर ठसा उमटायचा, आणि मी माझं पाऊल त्या ठशावर ठेवायची. ठसा गार असायचा. तमटे मागे पडत गेले. आजूबाजूला माणसं होती हे कळत होतं, पण एकाचाही स्पर्श मला झाला नाही. गौर पावलांनी येते म्हणतात, म्हणून आमच्याकडे दारापासून आतपर्यंत पावलं काढतात. यंदा ती काढायला कुणी नव्हतं. मला वाटलं, ही आपली आपण काढत निघाली आहे. हे मला नुसतं वाटलं नाही, त्या वेळी मला त्याची खात्री होती. माझी भीती कुठे गेली ते कळलंच नाही. घर आलं नसतं तरी मी तशीच चालत राहिले असते.

आमच्या कडाप्प्याच्या पायरीवर एक चीर आहे, ती ओळखली आणि थांबले. ते पायही थांबले. दाराला कुलूप, किल्ली यांच्या खिशात. मी ताम्हन धरून उभी, मुकी. बाईने विचारलं असतं तर मला काही सांगता आलं नसतं, पण तिने विचारलं नाही. उंबऱ्याशी ठेवलेला तांब्या तिला दिसला असावा. इकडच्या वाड्यावस्त्यांत देवीला पाण्यावरून डोक्यावर घेऊन कुणी निघालं की बायाबापड्या घागरी घेऊन दारात उभ्या राहतात आणि आणणाऱ्याच्या पायांवर पाणी ओततात. मी त्याचे किती फोटो काढले असतील. तिने तांब्या उचलला आणि दूधपाणी माझ्या पायांवर ओतलं. हाताने पाऊल चोळून धुतलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मग ती खाली वाकली आणि माझ्या पायांवर तिने कपाळ टेकलं.

मला तिचा अंबाडा दिसला, त्यातली चुरगळलेली अबोली दिसली. चेहरा नाही. ती रडत होती. "नन्न मगळन्न कापाडु, तायी," ती म्हणत होती. माझ्या मुलीला सांभाळ, आई. एकदा म्हणाली, परत म्हणाली, मग शब्द सुटले आणि नुसतं हुंदकणं राहिलं. माझ्या पायांवरचं पाणी आता ऊन होतं.

रस्ताभर मी तिला गौर समजत आले होते, आणि ती मला.

मी काय करायला हवं होतं? मी एक तिरसट, निवृत्त बाई, स्वतःच्या एका डोळ्यासाठी जीव टांगणीला लागलेली. मी तुझी देवी नव्हे गं, असं सांगायला तोंड मोकळं नव्हतं. आणि मोकळं असतं तरी ते सांगणं क्रूरपणाचं झालं असतं. काय झालं होतं तिच्या मुलीला? आजारी होती, हरवली होती, सासरी छळ होता, मला माहीत नाही. मी ताम्हन डाव्या हातात घेतलं आणि उजवा तिच्या डोक्यावर ठेवला. केस ओले होते. हात माझाच होता, पण तो मी ठेवला असं मला आजही म्हणवत नाही. तिचा श्वास हळूहळू शांत झाला. ती उठली, पदराने तोंड पुसल्याचा आवाज आला, आणि ते पाय फाटकाबाहेर गेले.

हे धापा टाकत आले तेव्हा मी तशीच उभी होते. दार उघडलं, मी आत गेले, खडे पाटावर ठेवले आणि मग बोलले. पहिला प्रश्न तिच्याबद्दल. "हो, हिरव्या साडीची एक बाई जाताना दिसली खरी," हे म्हणाले. "तोंड नाही बघितलं बुवा. मी तुझ्याकडे बघत येत होतो." इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी इतकं सरळ कधी म्हटलं नव्हतं, पण मी त्या वेळी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

पूजेला बसले. चष्मा काढून ठेवला होता. हळदकुंकू वाहताना बोटं चुकत होती म्हणून एक खडा उचलून अगदी पापणीशी नेला. आणि त्या डुलणाऱ्या वर्तुळात तो खडा एकदम लख्ख दिसला. त्याच्या अंगावरची एक पांढरी शीर, शिरेत अडकलेला अभ्रकाचा कण, कणावरचा निरांजनाचा उजेड. ऑपरेशननंतर त्या डोळ्याने स्पष्ट पाहिलेली ती पहिली गोष्ट. पुढे डॉक्टरने सांगितलं की बुडबुड्यामुळे अगदी जवळचं तेवढं असं दिसतं, त्यात नवल नाही. असेल. मी तिच्याशी वाद घातला नाही. मी त्या खड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मनात मागणं तयार होतं, कितीतरी दिवस उशीवर कपाळ ठेवून घोकलेलं. तोंडातून निघालं ते वेगळंच. मी म्हटलं, "आई, त्या बाईच्या मुलीला सांभाळ." डोळ्याचं मागायचं राहूनच गेलं. राहिलं हेही रात्री शेपूची भाजी आणि भाकरी खाताना माझ्या लक्षात आलं, आणि हसू आलं. पुन्हा उठून मागावंसं वाटलं नाही. ते ओझं कुणीतरी माझ्या हातातून अलगद काढून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी खडे परत पाण्यात सोडले. यांनी हात घट्ट धरला होता. मी पायऱ्यांवरचे पाय शोधत होते, पण ते नव्हते. पुढे बुडबुडा विरत गेला, मान वर करायची परवानगी मिळाली, आणि एका सकाळी डॉक्टरने पडद्याचा फोटो दाखवून सांगितलं की भोक बुजलं. आयुष्यभर फोटो काढले, पण इतका सुंदर फोटो मी पाहिला नव्हता. दाराची चौकट अजून मधोमध जराशी वाकलेली दिसते, ती तशीच राहील म्हणतात. राहू दे. मी तिथेच खुर्चीत बसून रडले, आता रडायला मुभा होती.

मी परत गल्लीत जाते. गळ्यात कॅमेरा असतो. फुलवाली अक्का आता नाकडोळ्यांसकट दिसते. पण मी त्या बाईला शोधत नाही. शोधायचं तरी कसं, चेहरा ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही. देवीने मला जे द्यायचं ते दिलं. तिला काय दिलं, ते मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळता विश्वास ठेवायचा हेच बहुधा मला शिकवलं गेलं. कृतज्ञता म्हणजे काय ते मला या वयात असं कळलं की आपल्यासाठी मागायचं सोडून दिल्यावरही मागण्यासारखं पुष्कळ उरतं. रोज सकाळी रस्त्यावर मुली दिसतात. कुणी दारात पाणी शिंपडत असते, कुणी वेणीत गजरा माळून बससाठी धावत असते, कुणी पाराशी उभी राहून घाईघाईने नमस्कार करत असते. मी कॅमेरा डोळ्याला लावते, एखादी माझ्याकडे बघून हसते, आणि बटण दाबायच्या आधी मी मनात म्हणते, हीच तिची लेक असू दे, आई. हीच असू दे.